जुने कपडे आणि घरसामान ऑनलाइन विकताना जाहिरात कशी सुधारावी

जुन्या वस्तूची जाहिरात वाचणारा माणूस मनात एकच हिशेब करत असतो, तो म्हणजे ही वस्तू बघायला गाडी काढावी की नाही. जुळे सोलापुरातल्या घरातले कपाट बघायला कुणी अक्कलकोट रोडवरून येतो, कुणी मोहोळहून येतो, आणि तिथे पोहोचल्यावर कपाटाची किल्लीच हरवलेली आहे किंवा ते जिन्याच्या वळणातून उतरतच नाही असे कळले, तर त्याची फेरी आणि आपला रविवार दोन्ही वाया जातात. दुकानात गिऱ्हाईक वस्तू हातात घेते, उलटून पाहते, दार उघडझाप करून बघते. ऑनलाइन जाहिरातीत हे सगळे काम फोटोंना आणि चार-सहा ओळींच्या मजकुराला करावे लागते. ओएलएक्स असो, फेसबुक मार्केटप्लेस असो की सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, माध्यमाने यात फारसा फरक पडत नाही. प्रत्यक्ष काम ज्या क्रमाने करावे लागते, त्याच क्रमाने पुढचा मजकूर मांडला आहे.

पहिली पायरी: काय विकायचे ते ठरवणे

माळा रिकामा केला की सगळेच विकावेसे वाटते, पण प्रत्येक जाहिरातीला वेळ लागतो आणि किरकोळ वस्तूंच्या चौकशांना उत्तरे देण्यातच दिवस जातो. रोजच्या वापरातले विटलेले कपडे ऑनलाइन टाकू नयेत. ते बोहारणीला द्यावेत किंवा पुसणी म्हणून घरातच वापरावेत. जुन्या चादरी आणि टॉवेल यांच्याही वाटेला जाऊ नये, कारण आपल्या सोलापुरात या वस्तू तयारच होतात आणि इथे नवा माल इतक्या वाजवी भावात मिळतो की वापरलेल्या चादरीसाठी कुणी पत्ता शोधत येत नाही. गॅसची शेगडी खुशाल विकावी, मात्र सिलिंडर आणि रेग्युलेटर विकायला काढू नयेत. ते आपण अनामत भरून घेतलेले असतात, मालकी गॅस कंपनीचीच असते. कनेक्शनची कागदपत्रे घेऊन वितरकाकडे जमा केल्यास अनामत परत मिळते.

मागणी असते ती कूलर, पाण्याच्या टाक्या, लोखंडी कपाटे, अभ्यासाची टेबले, कॉट, लहान मुलांच्या सायकली, शाळेचे गणवेश आणि लग्नात एकदाच अंगाला लागलेले भारी कपडे यांना. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नसल्याने पाचशे आणि हजार लिटरच्या टाक्या, पिंपे आणि बॅरल यांची विचारणा बारा महिने होत असते. लहान बाळाचे कपडे एकेक विकण्यापेक्षा वयानुसार गठ्ठा करावा. सहा ते नऊ महिन्यांच्या बाळाचे दहा-बारा कपडे एका जाहिरातीत टाकले की घेणाऱ्यालाही परवडते आणि आपलेही काम एका भेटीत संपते.

दुसरी पायरी: वस्तू दाखवण्याजोगी करणे

कपडे धुवून, पूर्ण वाळवून, इस्त्री करूनच फोटो काढावेत. ट्रंकेतून काढलेल्या साड्यांना डांबरगोळ्यांचा वास असतो आणि तो एका दिवसात जात नाही, म्हणून त्या सावलीत दोन-तीन दिवस पसरून ठेवाव्यात. उन्हात टाकल्यास रेशमाचा रंग उतरण्याची भीती असते. स्वेटरवर आलेले धाग्यांचे गोळे काढून टाकावेत, सुटलेले बटण लावून घ्यावे, आणि साडीचा फॉल एखाद्या ठिकाणी उसवला असेल तर दोन टाके घालून घ्यावेत. दहा मिनिटांच्या या कामामुळे भावाच्या घासाघिशीतले पहिले कारणच निघून जाते.

घरसामानात सगळ्यात जास्त नजरेत भरतो तो क्षार. सोलापूरच्या जड पाण्यामुळे कूलरची टाकी, वॉशिंग मशीनचा ड्रम, गिझर आणि नळाच्या तोट्या यांवर पांढरट थर बसतो, आणि चांगली चालू वस्तूही त्यामुळे दहा वर्षांची जुनी दिसते. पाण्यात लिंबूसत्व किंवा व्हिनेगर मिसळून ते थरावर काही वेळ ठेवले आणि मग घासले तर बराचसा थर निघतो. लोखंडी कूलर असेल तर आणखी एक काम न चुकता करावे: इलेक्ट्रिशियनकडून वायर, मोटर आणि अर्थिंग तपासून घ्यावे आणि प्लग तीन पिनांचा नसेल तर बदलून घ्यावा. लोखंडी पत्र्यात करंट उतरल्याने माणसे दगावतात, त्यामुळे तपासणी न केलेला कूलर दुसऱ्याच्या घरी पाठवणे योग्य नाही. तपासणी झाल्यावर तसे जाहिरातीत लिहावे; घेणारा त्याची किंमत ओळखतो.

गंजावर रंग मारून तो लपवू नये. ताजा रंग मारलेले जुने कपाट पाहिले की खरेदीदाराचा हात आधी खालच्या पत्र्याकडे जातो.

तिसरी पायरी: फोटो

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्यावा. सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान गच्चीवर किंवा गॅलरीत येणारा मऊ उजेड फोटोंसाठी उत्तम असतो. दुपारी बाराच्या आपल्याकडच्या उन्हात फिके रंग उडालेले आणि गडद रंग काळपट दिसतात, आणि रात्री ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोतला रंग पाहून आलेली बाई प्रत्यक्ष साडी बघून परत जाते. फोटो काढण्याआधी मोबाइलच्या कॅमेऱ्याची काच सुती कापडाने पुसावी. ही गोष्ट इतकी साधी आहे की बहुतेकजण ती करत नाहीत, आणि मग सगळे फोटो धुरकट येतात.

पार्श्वभूमी एकरंगी असावी. घरात हाताशी असते म्हणून सोलापुरी चादर अंथरून त्यावर ड्रेस मांडण्याचा मोह होतो, पण चादरीच्या नक्षीत ड्रेसची नक्षी हरवून जाते. त्यापेक्षा पांढरा पलंगपोस किंवा मोकळी भिंत बरी. कपाटाला आरसा असेल तर त्यात आपण, आपले घर किंवा दोरीवरचे कपडे दिसत नाहीत ना, हे पाहून घ्यावे.

पहिला फोटो संपूर्ण वस्तूचा आणि समोरून घेतलेला असावा, कारण यादीत तोच लहान चौकोनात दिसतो. त्यानंतर बाजू, मागची बाजू, आतली बाजू, कंपनीचे लेबल आणि शेवटी दोष, असा क्रम ठेवावा. दोषाचा फोटो दोन प्रकारे घ्यावा: एक जवळून, शेजारी नाणे ठेवून, म्हणजे डाग केवढा ते कळेल, आणि एक लांबून, म्हणजे तो डाग वस्तूवर नेमका कुठे आहे ते कळेल. केवळ जवळून घेतलेला फोटो लहानशा डागालाही भयंकर करून दाखवतो.

साड्यांच्या फोटोंबाबत थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण इथे खरेदीदार कापड ओळखणारे असतात. घरात किंवा शेजारी कुणी ना कुणी मागावर काम केलेले असते, त्यामुळे घडी घातलेल्या साडीच्या एका फोटोवर कुणाचे भागत नाही. पूर्ण पदर उलगडलेला, काठ आणि बुट्टी जवळून, नेसताना आत जाणारा भाग, आणि फॉल लावलेली कड हे चार फोटो हवेतच. पैठणी असेल तर पदराची उलटी बाजू अवश्य दाखवावी. हातमागावरच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो, तर यंत्रमागावरच्या पदराच्या मागे सुटे धागे दिसतात. जाणकार आधी तेच मागतात, आणि तो फोटो नसेल तर साडी यंत्रमागावरची आहे असे धरून भाव सांगतात. इरकल असेल तर अंगाचा ताणा (उभे धागे) आणि पदराचा ताणा जिथे जोडलेला असतो तो भाग जवळून घ्यावा, कारण जुन्या इरकलीत ताण पहिल्यांदा तिथेच येतो. रेशमी साडी वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिली असेल तर घडीच्या रेषेवर ती विरते. साडी खिडकीसमोर उजेडाकडे धरून पाहावी. विरलेला भाग जाळीसारखा दिसतो. तो दिसल्यास त्याचाही फोटो टाकावा आणि मजकुरात स्पष्ट लिहावे. अशी साडी नेसण्यासाठी विकली जाणार नाही, पण काठ आणि पदर काढून ड्रेस किंवा परकर-पोलके शिवण्यासाठी ती घेणारे असतात, आणि त्यांना हवी असलेली माहिती म्हणजे काठाची रुंदी आणि शाबूत कापडाची लांबी.

चालणाऱ्या वस्तूंसाठी पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढून ठेवावा: कूलर सुरू होताना, मिक्सरचे भांडे फिरताना, शिलाई मशीनवर कापडाच्या तुकड्यावर टीप मारताना. जिथे व्हिडिओ टाकता येत नाही तिथे विचारणा करणाऱ्याला तो पाठवावा.

चौथी पायरी: मापे

कपड्यांवरच्या ‘एल’ आणि ‘एक्सएल’ या अक्षरांवर विसंबून राहू नये, कारण एका कंपनीचा एल दुसऱ्या कंपनीच्या एमएवढा असतो. कुर्ता सपाट मांडून एका बगलेच्या शिवणीपासून दुसऱ्या बगलेच्या शिवणीपर्यंत टेप लावावी आणि येणाऱ्या मापाची दुप्पट छाती म्हणून लिहावी. खांदा, बाही आणि उंची ही मापेही द्यावीत. पँटला कंबर, मांडी, मोहरी (पायाशी असलेला घेर) आणि आतल्या शिवणीची लांबी लागते. शिवलेल्या ब्लाउजसाठी तर शिवणीच्या आत किती माया, म्हणजे जादा कापड, सोडली आहे हे लिहिलेच पाहिजे, कारण दोन्ही बाजूंना एकेक इंच माया असेल तर तोच ब्लाउज बत्तीसवरून पस्तीसपर्यंत सैल करता येतो आणि घेणाऱ्यांची संख्या वाढते. साडीसोबत ब्लाउजपीस आहे, की तो कापून शिवून झाला आहे, हे न लिहिल्यास तोच प्रश्न प्रत्येकजण विचारतो.

फर्निचरची लांबी, रुंदी, उंची इंचांत लिहावी आणि शक्य असल्यास टेप लावलेला फोटो द्यावा. कपाट, सोफा आणि पलंग यांच्याबाबत ते सुटे होतात की एकसंध आहेत हे सांगणे मापाइतकेच महत्त्वाचे आहे. फ्रिज लिटरमध्ये आणि वॉशिंग मशीन किलोमध्ये सांगितले जाते. वीजबचत दाखवणाऱ्या बीईईच्या (सरकारच्या ऊर्जाबचत संस्थेच्या) तारांकित लेबलवर वर्षही छापलेले असते, त्यामुळे तारे किती हे लिहिताना ते लेबल कोणत्या वर्षाचे आहे हेही लिहावे. ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होत गेले असल्याने जुना पाच तारांकित फ्रिज आजच्या पाच तारांकिताच्या बरोबरीचा नसतो. पितळी आणि तांब्याच्या भांड्यांचे वजन करून ठेवावे. स्टीलच्या भांड्यांवर नाव कोरलेले असल्यास ते मोकळेपणाने सांगावे. अनेकांना त्याचे काही वाटत नाही, पण आहेरात देण्यासाठी भांडी शोधणाऱ्याला ते चालत नाही.

पाचवी पायरी: शीर्षक

शीर्षकात वस्तू, कंपनी, माप, अवस्था आणि परिसर एवढे यावे. ‘अर्जंट विकणे आहे’, ‘एकदम झकास’, ‘बघाल तर घ्याल’ असे शब्द कुणी शोधत नाही आणि त्यांनी जागा मात्र अडते. ‘जुना फ्रिज विकायचा आहे’ याऐवजी ‘सिंगल डोअर फ्रिज, 190 लिटर, चालू, होटगी रोड’ असे लिहावे, आणि कंपनीचे नाव त्यात पहिल्यांदा घालावे. लोखंडी कपाटाला आपण सर्रास गोदरेज कपाट म्हणतो, परंतु कपाट दुसऱ्या कंपनीचे किंवा स्थानिक फॅब्रिकेटरने केलेले असेल तर शीर्षकात ते नाव वापरल्यास प्रत्यक्ष भेटीत विश्वास जातो. ‘लोखंडी कपाट’ म्हणावे.

आपल्या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि हिंदी बोलणारे खरेदीदार मोठ्या संख्येने आहेत, आणि यांतले बरेचजण शोधताना वस्तूचे नाव रोमन अक्षरांत लिहितात. म्हणून मजकुराच्या शेवटी वस्तूची प्रचलित नावे रोमन लिपीतही एकदा लिहावीत. त्याचप्रमाणे टाकी, बॅरल, पिंप, ड्रम यांपैकी जी नावे खरोखर लागू पडतात ती सगळी मजकुरात आली तर जाहिरात जास्त लोकांना सापडते.

सहावी पायरी: मजकूर

चांगला मजकूर कसा असतो हे नमुन्यावरून लवकर कळेल. समजा लोखंडी कूलर विकायचा आहे.

‘तीन उन्हाळे वापरलेला लोखंडी डेझर्ट कूलर, स्टँडसह. उंची 36 इंच, रुंदी 26 इंच, खोली 26 इंच. पंखा 18 इंची, मोटर मूळची. पाण्याचा पंप मागच्या वर्षी नवा बसवला आहे. तिन्ही बाजूंचे गवताचे पॅड बदलावे लागतील. टाकीच्या तळाला मागच्या कोपऱ्यात गंज आहे, गळती नाही. पाचवा फोटो पाहावा. वायरिंग आणि अर्थिंग तपासून घेतले आहे. घर बदलत असल्याने विकत आहोत. पहिल्या मजल्यावरून उतरवून नेण्याची व्यवस्था घेणाऱ्याने करावी, दोन माणसे लागतील. संध्याकाळी सहानंतर येऊन चालवून पाहता येईल. किंमत 3,200 रुपये, थोडेफार कमी होईल. परिसर: आसरा चौकाजवळ.’

यात कौतुकाचा एकही शब्द नाही. पॅड बदलावे लागतील हे आधीच सांगितल्याने तो खर्च धरूनच माणूस येतो आणि दारात उभा राहून त्यावरून भाव पाडत नाही. विकण्याचे कारण एका वाक्यात दिले आहे, कारण ते नसले की ‘बिघडला असेल म्हणून काढला’ अशी शंका येते. मजला आणि माणसे किती लागतील हे लिहिल्यामुळे छोटा हत्ती सांगायचा की रिक्षावर भागेल, हे घेणाऱ्याला घरबसल्या ठरवता येते. घराचा नंबर आणि सोसायटीचे नाव मात्र जाहिरातीत देऊ नये. चौकाचे किंवा भागाचे नाव पुरते. जुन्या बिलाचा फोटो टाकायचा असल्यास त्यावरचे नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर झाकून घ्यावा.

सातवी पायरी: किंमत

आपण वस्तू किती रुपयांना घेतली होती याच्याशी खरेदीदाराला काही देणेघेणे नसते. त्याच्यासमोर ती वस्तू आज नवी केवढ्याला मिळते हा आकडा असतो. म्हणून आधी नवी पेठेतल्या एखाद्या दुकानातला आणि ऑनलाइन असे दोन्ही चालू भाव पाहावेत. नंतर त्याच वस्तूच्या जुन्या जाहिराती पाहाव्यात, पण त्यातले आकडे विकले गेल्याचे भाव समजू नयेत. महिनाभर तशीच पडून असलेली जाहिरात एवढेच सांगते की त्या भावात ती वस्तू जात नाही.

साधारणपणे चांगल्या स्थितीतल्या घरसामानाला नव्याच्या चालू भावाच्या निम्म्याच्या आसपास, आणि कपड्यांना त्याहून बरेच कमी मिळेल असे धरून चालावे. लग्नातली शेरवानी किंवा घागरा कितीही महागाचा असला तरी हाच हिशेब लागू होतो, आणि इथे लोकांचा जीव सगळ्यात जास्त अडकतो. दुसऱ्या टोकाला मोडीचा भाव असतो: पितळ, तांबे आणि लोखंड यांची मोड वजनावर केवढ्याला जाते हे माहीत असले म्हणजे त्याच्या खाली उतरायचे नाही हे पक्के राहते. घासाघिशीसाठी दहा टक्क्यांच्या आसपास वाव ठेवावा. दुप्पट सांगून निम्म्यावर येण्याची पद्धत ऑनलाइन चालत नाही, कारण किमतीच्या चाळणीत (फिल्टरमध्ये) जाहिरात वरच अडकते आणि ज्याने वस्तू घेतली असती त्याला ती दिसतच नाही.

आठवी पायरी: वेळ साधणे आणि उत्तरे देणे

कूलर फेब्रुवारीच्या शेवटी टाकावा. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा मागणी असते हे खरे, पण तेव्हा जाहिरातीही ढीगभर असतात. गणवेश मे महिन्यात टाकावेत, कारण जूनच्या मध्यावर शाळा उघडेपर्यंत पालकांची खरेदी उरकलेली असते. टेबल, कॉट आणि गाद्या यांना जून-जुलैत बाहेरगावचे विद्यार्थी खोल्या शोधू लागले की गिऱ्हाईक मिळते, आणि लग्नाचे कपडे तुळशीच्या लग्नाआधी पंधरा दिवस टाकले की पुढचा हंगाम मिळतो. पितृपक्षात चौकशा मंदावतात. तेवढ्यावरून घाबरून भाव पाडू नये, घटस्थापनेपर्यंत थांबावे.

‘अजून आहे का?’ एवढाच निरोप आला तर ‘हो’ म्हणून थांबू नये. ‘आहे, आज संध्याकाळी सहा ते आठमध्ये पाहता येईल, आपण कोणत्या भागातून येणार?’ असे उत्तर दिल्यास खरोखर घेणारा पुढे बोलतो आणि वेळ घालवणारा तिथेच थांबतो. तीन-चार जणांनी एकच प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर लगेच जाहिरातीत घालावे. आठ-दहा दिवसांत चौकशीच आली नाही तर आधी पहिला फोटो आणि शीर्षक बदलून पाहावे. चौकशा येऊनही कुणी बघायला येत नसेल, तर मगच किमतीला हात लावावा.

फसवणुकीची एक ठरलेली पद्धत आहे. फोन करणारा स्वतःला लष्करातला जवान म्हणवतो, वस्तू न पाहताच पूर्ण किंमत मान्य करतो, आणि ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असे सांगतो. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही; पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. पैसे आल्याचा एसएमएस किंवा स्क्रीनशॉट पुरावा मानू नये, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक पाहूनच वस्तू हातातून सोडावी. चुकून पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या 1930 या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी, कारण जितक्या लवकर कळवले जाईल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

कपडे आणि लहान वस्तू सात रस्ता किंवा पार्क चौकासारख्या वर्दळीच्या ठिकाणी दिवसा द्याव्यात. मोठी वस्तू पाहायला कुणी घरी येणार असेल तर घरात दुसरे कुणीतरी असेल अशी वेळ द्यावी, आणि शक्य झाल्यास वस्तू आधीच पुढच्या खोलीत किंवा पार्किंगमध्ये आणून ठेवावी. दोघांना एकाच वेळी बोलावून चढाओढ लावण्याचा प्रकार करू नये. पहिल्याने ठरल्या वेळी यावे, नाही आला तर दुसऱ्याला कळवावे, आणि हे दोघांनाही आधी सांगून ठेवावे. वस्तू गेली की त्याच दिवशी जाहिरात ‘विकले’ म्हणून बंद करावी आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरही तसे कळवावे, म्हणजे पुढच्या महिन्यात त्याच ग्रुपवर शेगडी किंवा सायकल टाकाल तेव्हा लोक तुमचा निरोप न वाचता पुढे सरकणार नाहीत.